माकडं, घुशी, कांडेचोर: कुणाला न मारता परस राखायचा कसा

गावच्या जुन्या घरात किंवा शहराबाहेरच्या नव्या बंगल्यात राहायला आलेल्यांची पहिली परसबाग बहुतेक वेळा अशीच जाते. वाल मांडवावर चढतो, दुधीला कळ्या येतात, आणि एका सकाळी अर्धा वेल खाली लोळत असतो. मग माणूस तालुक्याला जाऊन हिरवी जाळी, तार, फिनेलच्या गोळ्या असं मिळेल ते आणतो. पैसे जातात आणि जनावर येतच राहतं, कारण जाळी माकडासाठी आणलेली असते आणि वेल कुरतडलेला असतो घुशीने.

खाली दिलेला क्रम पाळा. कुंपण पाचव्या पायरीवर आहे, ते मुद्दामच. वर्णन कोकणातल्या घराला धरून केलं आहे, पण गोव्यातलं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) असो की पुण्याच्या कडेची सोसायटी, कामाची रीत बदलत नाही.

१. आधी चोर ओळखा

यासाठी तीन रात्री द्या. चाळलेली राख किंवा बारीक कोरडी माती घेऊन संशयाच्या वाटेवर, म्हणजे गडग्याच्या (दगडी बांधाच्या) खिंडाराशी, फाटकाखाली, पाण्याच्या पाटाजवळ, दोन फूट लांब-रुंद पट्टा पसरा. संध्याकाळी हाताने सपाट करा आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत पाहा. पावसाळ्यात राख टिकत नाही, तेव्हा पत्र्याखाली किंवा वळचणीला पसरा, नाहीतर चिखलातले ठसेच बघा. मोबाइलमध्ये फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा. आकार लक्षात राहतो असं वाटतं, पण राहत नाही.

ठशांइतकंच नुकसान बोलतं:

• भुसभुशीत मातीचा ताजा ढीग आणि शेजारी मूठ जाईल एवढं बीळ: घूस. बिळाचं तोंड कधी आतून मातीने बुजवलेलंही असतं.
• शहाळ्याला देठाजवळ गोल भोक आणि खाली पडलेली पोकळ फळं: माडावर चढणारा उंदीर. घूस माडावर चढत नाही, तिला दोष देऊ नका.
• गडग्यावर किंवा कौलांवर एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा विष्ठा आणि तिच्यात जांभळाच्या, चिकूच्या बिया: कांडेचोर, म्हणजे पुस्तकातलं उदमांजर.
• जमीन नांगरल्यासारखी उलथलेली, पाणथळ कोपऱ्यात जास्त: रानडुक्कर.
• माडाचं रोप बुंध्याशी कुरतडलेलं, सुरण किंवा रताळं खणून काढलेलं, जवळ एखादा काटा पडलेला: साळिंदर.
• दिवसाढवळ्या अर्धी खाऊन फेकलेली फळं, मोडलेल्या फांद्या: लाल तोंडाचं माकड. कोवळी पानं, फुलं, शेंगा ओरबाडलेल्या आणि फळं त्या मानाने शाबूत: काळ्या तोंडाचा वानर. हे दोघे वेगळे आहेत आणि दोघांवरचे उपायही वेगळे आहेत.
• पेरूच्या झाडाखाली नव्हे तर शेजारच्या दुसऱ्याच झाडाखाली चघळून टाकलेला चोथा: वटवाघूळ. ते फळ उचलून दुसरीकडे नेऊन खातं.

विष्ठा उचलताना रबरी हातमोजे घाला, आधी त्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा आणि कोरडं झाडू नका. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पावसात अनवाणी परसात फिरायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे.

२. आमंत्रण मागे घ्या

या पायरीला खर्च जवळपास नाही, म्हणूनच ती टाळली जाते.

ओला कचरा उघड्या खड्ड्यात टाकत असाल तर ते रोजचं पंगतीचं ताट आहे. खत करायचं तर झाकणाचा ड्रम घ्या. भोकं पाडायची ती ६ मिलिमीटरहून मोठी पाडू नका आणि ड्रम चिऱ्यांवर उचलून ठेवा. मासळीचं पाणी, भाताची पेज, उरलेली चपाती त्यात जाणार असेल तर प्रत्येक वेळी वर वीतभर सुका पाला हवा. गळालेली फळं संध्याकाळी गोळा करा, सकाळी नव्हे. कांडेचोर, डुक्कर आणि साळिंदर रात्रीचे येतात.

कोंबड्यांचं धान्य आणि कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री बाहेर राहू देऊ नका. भात, कडधान्य, शेंगपेंड पत्र्याच्या पिंपात ठेवा, कारण प्लॅस्टिकचं पिंप उंदीर एका रात्रीत पोखरतो. नळाची गळती बुजवा. मार्चनंतर पाण्यासाठी येणारी जनावरं खाण्यासाठी येणाऱ्यांहून जास्त असतात.

आता आडोसा. सरपणाची रास भिंतीला टेकवू नका. भिंतीपासून दोन फूट लांब आणि जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर रचा, खालून आरपार दिसलं पाहिजे. जुनी कौलं, चिरे, करवंट्या यांचे ढीग हलवा. घराभोवती चार फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. गवत वाढलेलं नसेल तर घूस उघड्यावरून जायला बिचकते.

शेवटचं आमंत्रण जरा अवघड आहे. शनिवारी मारुतीच्या नावाने माकडांना केळी-शेंगदाणे घालायची पद्धत वाडीत कुणाकडे असेल तर तुमची बाकीची मेहनत फुकट जाते. ते घर तुमचं नसलं तरी बोलावं लागतं. माणसाच्या हातून खायला शिकलेलं माकड पुढे हातातली पिशवी ओढतं, आणि पिंजऱ्यात जाण्याची पाळीही त्याच्यावरच येते.

३. सामान

गाव लांब असेल तर एका फेरीत आणा:

• वेल्डमेश (तारांचे सांधे वेल्ड केलेली) जाळी, अर्धा इंच चौकोन: घूस, उंदीर आणि जमिनीलगतच्या कामासाठी
• वेल्डमेश जाळी, एक इंच चौकोन, तार साधारण २ मिलिमीटर: माकड-वानरासाठी
• एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, २० फुटी नग
• बांधायची जीआय तार, पक्कड, जाळी कापायची कात्री
• सिमेंट, वाळू, थोडी खडी
• जाड चामड्याचे आणि रबरी असे दोन हातमोजे
• सपाट जीआय पत्रा, माडांसाठी
• डोक्याला लावायची बॅटरी

षटकोनी भोकांची 'कोंबडीजाळी' स्वस्त पडते म्हणून घेतली जाते. ती कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. उंदीर तिच्यातून सहज जातो आणि खारं वारं लागलं की दोन पावसाळ्यांत ती गंजून तुटते. खुराड्यालासुद्धा अर्ध्या इंचाची वेल्डमेशच लावा. घरातल्या फटींचं माप आणखी बारीक आहे. लहान उंदराला पाऊण सेंटीमीटरची फट पुरते, म्हणून दाराखाली किंवा पाइपाभोवती ६ मिलिमीटरहून जास्त जागा सोडू नका.

४. भोक बुजवण्याआधी आत कोण आहे ते पाहा

सगळ्यात वाईट चूक इथे होते. माळ्यावर खुडबुड ऐकू येते, दुपारी गवंडी येऊन वळचण बंद करून जातो, आणि आत झोपलेली कांडेचोराची मादी पिल्लांसकट अडकते. ती मरते, आठवडाभर वास सुटतो, किंवा बाहेर पडण्यासाठी छताचं लाकूड आणि वायरी फाडते. मादी बाहेर आणि पिल्लं आत राहिली तर ती कौलं उचकटून आत शिरायला बघते.

बरोबर रीत अशी. प्रत्येक भोकात संध्याकाळी वर्तमानपत्राचा सैल बोळा खोचा. सलग तीन सकाळी बोळा जागेवर असेल तर ते भोक वापरात नाही, ते दिवसाच बंद करा. ज्याचा बोळा हलला ते चालू भोक. सगळी बंद करून एकच चालू भोक ठेवा.

मग कान द्या. पहाटे बारीक चीं-चीं ऐकू येत असेल तर आत पिल्लं आहेत, काम थांबवा. ती आईच्या मागे बाहेर पडू लागेपर्यंत काही आठवडे कळ काढावी लागते. घाई असेल तर माळ्यावर चोवीस तास दिवा चालू ठेवा आणि दिवसा रेडिओ लावा. उजेडात आणि गोंगाटात मादी बहुधा स्वतःच पिल्लं एकेक करून दुसऱ्या जागी नेते. धूर करू नका, मिरचीचा तर नकोच. पिल्लं आतच गुदमरतात, आणि वाशांना आग लागण्याचा धोका आहेच.

पिल्लं नाहीत अशी खात्री झाल्यावर शेवटच्या भोकावर एकेरी झडप लावा. जाड प्लॅस्टिकचा किंवा जाळीचा तुकडा फक्त वरच्या कडेला बिजागरीसारखा बांधायचा, भोकापेक्षा तो खाली दोन-तीन इंच लांब हवा आणि उघडायला हवा फक्त बाहेरच्या बाजूला. जनावर ढकलून बाहेर येतं, बाहेरून ओढून आत जाणं त्याला जमत नाही. झडपेच्या आतल्या बाजूला राख पसरून दोन-तीन रात्री पाहा. ठसे उमटेनासे झाले की आधी एक इंची जाळी आणि वर सिमेंट असं पक्कं करा. नुसता फोम किंवा नुसती माती कुरतडायला सोपी. छतावर टेकलेल्या फांद्या आणि माडाची झावळं त्याच दिवशी छाटा, नाहीतर वाट तशीच राहते.

घुशीचंही असंच, फक्त तिच्या बिळाला तोंडं अनेक. सगळी तोंडं संध्याकाळी मातीने हलकी बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतात तेवढीच चालू. बिळात पाणी ओतायचा सल्ला सर्रास मिळतो, पण आत पिल्लं असली तर ती बुडून मरतात आणि मोठी घूस दुसऱ्या तोंडाने निघून जाते. त्याऐवजी दुसरी पायरी नीट पाळून आठ-दहा दिवस रोज तोंडं बुजवत राहा. खाणं नाही, आडोसा नाही आणि रोजचा उपद्रव आहे म्हटल्यावर ती जागा सोडते. तोंडं उघडणं थांबलं की बीळ खणून मोकळं करा, आत दगड आणि सिमेंट भरा. पायाला लागून बीळ असेल तर हे पावसाआधी उरका, कारण पोकळ जमिनीत पाणी शिरलं की जोतं खचतं.

पिंजऱ्यात उंदीर पकडून लांब सोडून येणं दयाळूपणाचं वाटतं. त्याचा फायदा कुणालाच नाही. अनोळखी जागी त्याला बीळ नसतं, आणि तुमच्याकडे रिकामी झालेली जागा शेजारचा उंदीर घेतो. सगळ्या फटी बुजवल्यावर घरात अडकून राहिलेला एखादा बाहेर काढायचा असेल तेवढ्यापुरता पिंजरा ठीक. तो सकाळ-संध्याकाळ तपासलाच पाहिजे.

५. पिंजरा-बाग: माकड-वानरांवर खात्रीचा उपाय

बुजगावणं, चमकती पट्टी, रबरी साप, वाघाचं चित्र, फटाक्यांचा आवाज हे सगळं चार ते आठ दिवस चालतं. टोळीतलं एक जनावर जवळ येऊन बघतं, काही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या खांद्यावर बसून ते शेंगा खातं. पीक काढणीला चार दिवस उरले असतील तर हे वापरा, एरवी त्यात जीव घालवू नका.

घरापुरती भाजी हवी असेल तर वरून बंद पिंजरा हाच मार्ग. दहा फूट बाय आठ फुटांच्या वाफ्याचा हिशेब असा:

खांब सहा, प्रत्येकी आठ फूट. त्यातला दीड फूट जमिनीत सिमेंटमध्ये आणि साडेसहा फूट वर, म्हणजे आत उभं राहून काम करता येतं. वरच्या चौकटीला दहा फुटांचे दोन, आठ फुटांचे दोन आणि मध्ये आडवा आठ फुटांचा एक. दाराच्या चौकटीला सहा फुटांचे दोन आणि सव्वादोन फुटांचे दोन तुकडे. नीट कापले तर २० फुटी सहा नगांत सगळं बसतं: तीन नगांतून सहा खांब, एकातून दहा-दहा, एकातून आठ-आठ, आणि शेवटच्यातून आठ, सहा, सहा. उरलेल्या चार फुटी तुकड्यांतून दाराचे आडवे निघतात. कापणाऱ्याला हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलं की सातवा नग लागतो.

चार खांब कोपऱ्यांना आणि दोन लांब बाजूंना. दाराच्या बाजूचा मधला खांब मध्यावर न घेता कोपऱ्यापासून अडीच फुटांवर घ्या, म्हणजे दार त्या दोन खांबांतच बसतं.

जाळी: चार बाजूंना २३४ चौरस फूट आणि छताला ८०, म्हणून एक इंची वेल्डमेश सांधे धरून ३५० चौरस फूट. अर्ध्या इंचाची तीन फूट रुंद जाळी ३६ फूट, तीही थोडी वाढवून. ही तीन फुटी पट्टी जमिनीवर एक फूट उभी, जमिनीखाली एक फूट, आणि उरलेला एक फूट बाहेरच्या दिशेला आडवा वळवायचा. घूस कुंपणाशी येऊन खाली खणते, आडव्या जाळीवर आदळते आणि मागे सरकून पुन्हा खणायचं तिला सुचत नाही. कातळावर किंवा जांभ्यात फूटभर खणणं होत नसेल तर जाळी दीड फूट बाहेर जमिनीवरच पसरा आणि वर चिरे ठेवा. दारापुढे हीच पट्टी उंबरठ्याखाली गेली पाहिजे, आणि दार बंद असताना खाली बोटभरही फट नको.

कडी साधी चालत नाही. माकड सरकती कडी बघून शिकतं. फिरवून आवळायचा हूक किंवा साखळीचा क्लिप लावा.

एक इंची जाळीतून मधमाश्या आत येतात, म्हणून काकडी-भोपळ्याला फळं धरतात. कीटकजाळीने किंवा दाट शेडनेटने सगळं झाकलंत तर परागीभवन हाताने करावं लागतं: नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलावर टेकवायचा. भोपळा-काकडीला सकाळी, दुधी-दोडक्याला संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात.

पिंजऱ्याबाहेर काय लावावं? हळद, आलं, सुरण, मिरची, गवती चहा, कढीपत्ता, झेंडू. माकडं यांना फारसं तोंड लावत नाहीत. अधूनमधून एखादं रोप उगाच उपटून बघतात, ते सोसा. सुरण मात्र साळिंदराला आणि डुकराला आवडतो.

६. माकड समोर आलं तर

डोळ्याला डोळा भिडवू नका आणि दात दाखवून हसू नका. दोन्हीचा अर्थ त्याच्या लेखी आव्हान. दगड मारू नका, टोळीतला मोठा नर उलटतो. पाठ करून पळू नका. जमिनीवर काठी आपटत, त्याला निघायला वाट मोकळी ठेवत हळूहळू पुढे व्हा. घरात शिरलं असेल तर ज्या खिडकीतून आलं ती उघडी ठेवून बाकी दारं लावा आणि माणसांना खोलीबाहेर काढा.

खिडकीच्या गजांत चार इंच अंतर असेल तर पिल्लू आत येतं आणि आतून फळांची टोपली सारतं. गजांवर एक इंची जाळी बसवा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण पट्ट्याने आवळा. छतापासून तीन-चार मीटर फांद्या मागे छाटल्या तर माकडांची ये-जा कमी होते, वानर तेवढीही उडी सहज मारतो.

माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. हळद किंवा चुना भरू नका. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीतून पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, स्वतः पुरायला किंवा जाळायला जाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनविभागाला कळवा.

७. झाडावरची फळं आणि माड

आंबा अंड्याएवढा झाला की वर्तमानपत्राची पिशवी चढवतात, पेरूला मोठ्या लिंबाएवढा झाल्यावर. वटवाघूळ, पोपट आणि फळमाशी तिन्ही थांबतात. पिशवीची शिवण पक्की असावी आणि तोंड देठाशी घट्ट बांधावं. माकडाला पिशवी म्हणजे वेष्टन, त्याच्यासाठी हा उपाय नाही.

झाडावर जाळी टाकायचीच असेल तर एक परीक्षा करा: जाळीच्या भोकातून करंगळी आत गेली तर ती जाळी घेऊ नका. मासेमारीची जुनी जाळी झाडावर सैल टाकली की वटवाघळं, घुबडं, साप तिच्यात अडकतात आणि रात्रभर तडफडतात. जमिनीवर लोळणारी जाळी धामणीसाठी फासच. जाळी पांढरी, ताणून बांधलेली आणि बुंध्याशी आवळलेली हवी. हंगाम संपला की त्याच दिवशी काढून ठेवा.

माडावर उंदीर चढू नयेत म्हणून बुंध्याभोवती पत्र्याचा पट्टा लावतात. जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवर, दीड फूट रुंद, बुंध्याला सपाट चिकटलेला. त्याच्या सांध्यात फट राहिली तर उंदीर तिथूनच नखं रोवून जातो. शेजारच्या माडाच्या किंवा आंब्याच्या फांद्या टेकत असतील तर पट्टा शोभेचा. दरवर्षी सैल करून पुन्हा बांधा, आणि पाडेली (नारळ पाडणारा) वर चढण्याआधी त्याला पट्टा दाखवा, कड हाताला कापते.

माडाच्या कोवळ्या रोपांना साळिंदर आणि डुकरापासून वाचवायला प्रत्येकाभोवती दोन फूट व्यासाचं, तीन फूट उंच वेल्डमेशचं कडं करून तीन खुंट्यांना बांधा. सगळ्या वाडीला कुंपण घालण्यापेक्षा हे पहिली दोन-तीन वर्षं स्वस्त पडतं.

८. मांजरं, कुत्री, गुरं

मांजर वाफ्यात येतं ते भुसभुशीत कोरड्या मातीसाठी. पेरणी झाली की वाफ्यावर जाळीचा तुकडा आडवा पसरा, रोपं भोकांतून वर येतात. नाहीतर बाभळीच्या, लिंबाच्या काटेरी डहाळ्या वीतभर अंतरावर टाका. माती ओलसर ठेवली तरी मांजर दुसरी जागा शोधतं. मिरचीपूड टाकू नका, पंजावरून डोळ्यात जाते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू पसरू शकतो, म्हणून गर्भवती बाईने तो वाफा हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

भटक्या कुत्र्यांना पोत्यात घालून दुसऱ्या गावात सोडणं बेकायदा आहे. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं पकडलं त्याच भागात परत सोडायची तरतूद आहे. नगरपालिका किंवा पंचायतीकडे लेखी अर्ज करा. कानाला खाच असलेलं कुत्रं म्हणजे ते काम झालेलं. तुमच्यापुरतं म्हणाल तर फाटकाखालची फट चार बोटांवर आणा आणि कचऱ्याचा डबा झाका, परसातली ये-जा बरीचशी थांबेल.

गुरांना करवंदाचं किंवा घायपाताचं जिवंत कुंपण पुरतं. शेराचं कुंपण झटपट वाढतं, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. लहान मुलं असतील तर लावू नका, मोगली एरंडही नको, त्याच्या बिया विषारी आहेत.

९. साप

साप भाजी खायला येत नाही, उंदराच्या मागे येतो. पहिल्या चार पायऱ्या झाल्या की त्याचं येणं कमी होतं. फिनेल, लसूण, गंधक, कार्बोलिकच्या बाटल्या यांनी साप अडत नाही. दाराला खालून रबरी पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि रात्री अंगणात बॅटरी, हे अडवतं आणि वाचवतं.

दिसला तर लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं सोडून बाकीचे बहुतेक निरुपद्रवी असतात, पण ओळख पटवण्याचं काम तुमचं नाही. फोटो काढायला वाकताना दंश झालेली माणसं कमी नाहीत.

१०. हे करू नका, आणि करायचं झालं तर कुणाला विचारा

घरातली वीज थेट कुंपणाला जोडणं हा खुनाइतका धोका आहे. डुकरासाठी लावलेल्या तारेला शेजारी, गुराखी, स्वतःच्या घरातली पोरं चिकटून मेली आहेत. सौर झटका मशीन वेगळी वस्तू आहे, ती क्षणभराचे ठोके देते. डुकरांसाठी तिच्या तारा जमिनीपासून नऊ इंच आणि दीड फूट अशा दोन उंचींवर घेतात. तिचं अर्थिंग जांभ्याच्या कोरड्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये लागत नाही, तेव्हा दांड्याच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो. घरालगतच्या परसाला या मशीनची गरज नाही, मोठ्या वाडीला असेल तर पाटी लावूनच बसवा.

चिकट सापळ्यात उंदीर दोन दिवस जिवंत तडफडतो, आणि त्यावर पाली, सरडे, चिमण्याही चिकटतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना याविरुद्ध सूचना दिल्या आहेत. दुकानात मिळतो म्हणजे चालतो असं समजू नका. चुकून पक्षी चिकटला असेल तर ओढू नका, खोबरेल लावून हळूहळू सोडवा.

ब्रोमाडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मंद होत जातो, आणि तेवढ्यात गव्हाणी घुबड, धामण किंवा तुमचंच मांजर त्याला खातं. फुकट उंदीर मारणारा प्राणी गमावून विषाचं पाकीट पुन्हा आणायची पाळी येते. फासे आणि गावठी बॉम्ब तर गुन्हाच. त्यात डुकरापेक्षा आधी गाय आणि कुत्रं सापडतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली माकड, वानर, साळिंदर, कांडेचोर यांना स्वतः पकडणं, डांबणं किंवा दुसरीकडे नेऊन सोडणं यासाठी वनविभागाची परवानगी लागते. मोर आणि नाग पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षण सगळ्यात कडक. पाळीव आणि भटक्या प्राण्यांना प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं. 'माकडं पकडून देतो' म्हणणाऱ्याकडे वनविभागाचं पत्र आहे का ते आधी बघा. नसेल तर गुन्ह्यात तुमचंही नाव येतं.

महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. फोन करताना जनावर कोणतं, संख्या किती, जखमी आहे का आणि जवळची खूण, एवढं तयार ठेवा. शेतजमिनीत नुकसान झालं असेल तर भरपाईचा अर्ज दिवस न दवडता वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि काडेपेटी शेजारी ठेवून काढलेले ते फोटो लावा. पंचनामा होईपर्यंत उलथलेली जमीन सारखी करू नका, मोडलेली रोपं तिथेच राहू द्या.